‘रन’, फिनिश आणि मध्ये आलेली इंग्रजी: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. इंग्रजी ‘रन’ (run) आणि फिनिश, म्हणजे फिनलंडची भाषा, यांवरच्या माझ्या लिखाणाबद्दल तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, तेव्हा दोन ओळींत धन्यवाद देऊन मोकळं होणं बरं दिसणार नाही.

तुमचे आक्षेप थोडक्यात असे: ‘रन’च्या प्रत्येक अर्थाला फिनिशमध्ये वेगळं क्रियापद दाखवून मी इंग्रजीला ढिसाळ ठरवलं, फिनिशमध्येही अनेकार्थी शब्द असणारच, ते मी सोयीस्करपणे गाळले, आणि मराठी वाचकाला ही उठाठेव हवी कशाला?

‘ढिसाळ’ हा शब्द तुमचा, माझा नव्हे. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढच्या आवृत्तीचं काम चालू असताना ‘रन’नं तिला मागे टाकलं, एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. हा आकडा ऐकून थक्क व्हायला होतं, पण तो कोशकारांच्या चाळणीचा आकडा आहे. चाळणी बारीक केली की अर्थ वाढतात. इंग्रजी बोलणारा काही डोक्यात ६४५ कप्पे घेऊन हिंडत नाही. त्याचं बरंचसं काम ‘रन’च्या मागे लागणारे चिमुकले शब्द करतात: ‘रन आउट’ म्हणजे संपणं, ‘रन ओव्हर’ म्हणजे चिरडणं, ‘रन अवे’ म्हणजे पळून जाणं. फिनिश तिथे सरळ क्रियापद बदलते. दूध संपलं तर ‘लोप्पुआ’, पोरगं घरातून पळालं तर ‘काराता’. ‘रन इंटू’ला मात्र ‘तॉर्मॅता’ दोन्हीकडे चालतं. खांबावर आदळा किंवा जुना मित्र अचानक भेटो, शब्द तोच.

दुसरा आक्षेप मला आवडला. असे शब्द आहेत, आणि त्यांतला सर्वांत गमतीचा म्हणजे ‘कॅय्दॅ’. (फिनिश उच्चार देवनागरीत नेमके बसत नाहीत, चालवून घ्या.) मूळ अर्थ चालणं, साधं पायी चालणं या अर्थाचा आजचा ‘कॅवेल्लॅ’ त्यातूनच निघालाय. आता बघा: घड्याळ ‘कॅय्दॅ’ करतं, इंजिनही करतं. युद्ध ‘कॅय्दॅ’ करायचं असतं, शाळाही. बिअर आंबते तेव्हा तीही हेच करते. ‘कॅय्दॅ काउपास्सा’ म्हणजे दुकानात जाऊन येणं, पण शेवटचा प्रत्यय बदलून ‘कॅय्दॅ काउप्पा’ म्हटलं की तो व्यापार झाला. इंग्रजी जे काम मागच्या चिमुकल्या शब्दाकडून करून घेते, ते फिनिश इथे प्रत्ययाकडून करून घेते. आणि कोणी विचारलं, उद्या भेटू या का? तर उत्तर येतं, ‘कॅय!’ म्हणजे अक्षरशः आपलं ‘चालेल!’ घड्याळ चालतं, इंजिन चालतं, आणि बेतही चालतो. इंग्रजीतून शिकवणारा हा शब्द कधी ‘व्हिजिट’, कधी ‘गो’, कधी ‘ओके’ असा तुकड्यांत देतो. मराठी माणसाला मात्र यातला बराचसा भाग आधीच येत असतो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आपण फिनिश शिकतो ती बहुतेक इंग्रजीच्या खांद्यावरून, आणि तिथेच फसतो. इंग्रजीत नाक ‘रन’ होतं म्हणून नवशिका ‘युओस्ता’, म्हणजे पायांनी धावणं, वापरायला जातो. फिनिशमध्ये नाक ‘वुओता’ करतं, आणि छप्परही तेच करतं. नाक गळतंय, छप्पर गळतंय. मराठीतून थेट गेलात तर चुकायला जागाच नाही. निवडणुकीचंही तसंच. अमेरिकेत उमेदवार धावतो, ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे उभा राहतो, आणि फिनलंडमध्ये तो स्वतःला उमेदवारीच्या जागी नेऊन ठेवतो. मला फिनिश रीत जास्त प्रामाणिक वाटते, पण ते असो.

अर्थात ‘युओस्ता’ही फक्त पायांपुरता नाही. नळाचं पाणी ‘युओक्सेवा’, म्हणजे धावणारं, आणि अनुक्रमांकही ‘युओक्सेवा’. चीज करताना दूध गोठवणारं रेनेट म्हणजे ‘युओक्सुते’, त्याच धातूपासून. इंग्रजी ‘रेनेट’चं मूळही ‘रन’च्याच कुळात शोधतात, तेव्हा इथे दोघी शेजारणी निघाल्या. पेसापालो या बेसबॉलसारख्या फिनिश खेळात खेळाडू ‘घरी’, म्हणजे सुरुवातीच्या तळावर, परतला की मिळते ती ‘युओक्सु’, आपल्या क्रिकेटच्या धावेसारखी. उलट लांब मोज्याचा टाका निसटून जी रेघ पडते, अमेरिकन इंग्रजीतला ‘रन’, तिला फिन लोक ‘सिल्मॅपाको’ म्हणतात. सिल्मॅ म्हणजे डोळा, विणकामातला टाकाही, आणि पाको म्हणजे पलायन.

शेवटी तुम्ही खोचकपणे विचारलंय की आता ‘लागणे’ फिनिशमध्ये करून दाखवा. एका शब्दात होणार नाही. भूक लागली तर ‘माझ्याकडे भूक आहे’ म्हणायचं, वेळ लागतो त्याला ‘केस्तॅ’. आणि ज्याला बस लागते, त्यानं ‘वोइन पाहोइन’, म्हणजे ‘मला मळमळतंय’, असं म्हणून खिडकीची जागा मागावी.