धूर दिसत नाही म्हणजे हवा चांगली आहे असं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शेडमध्ये ठेवलेल्या घरगुती स्मोकरचा, म्हणजे खाद्यपदार्थांना धुरी देणाऱ्या पेटीचा, धूर बाहेर कसा काढावा, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही सविस्तरच देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: मी वाचकांना उगाच घाबरवलं. स्मोकरला थेट नळी जोडून नळीत पंखा बसवला की काम भागतं. स्मोकर आणि हूड (धूर गोळा करणारी वरची छत्री) यांच्यात फट ठेवायला सांगणं म्हणजे धुराला शेडमध्ये आवतण देणं. आणि तुमच्या शेडचं दार उघडं असलं की धूर दिसतसुद्धा नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण खरा वाद तिथेच आहे. मला काळजी धुराची नाही, कार्बन मोनॉक्साइडची आहे. त्याला रंग नाही, वास नाही. वजनाला तो हवेपेक्षा किंचितच हलका, त्यामुळे छताशी जाऊन बसत नाही की जमिनीशी साचत नाही, खोलीभर मिसळून जातो. सुरुवातीला लाकूड धुमसत असतं तेव्हा डोळे चुरचुरतात आणि माणूस आपोआप बाहेर पडतो. पुढे धूर विरळ होतो, निखारे लाल होतात, हवा मोकळी वाटायला लागते, आणि कोळसा मोनॉक्साइड सोडतच राहतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. मग डोकं जड होतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो, उकाड्यानं झालं असेल. म्हणून ‘धूर दिसत नाही’ हा पुरावा मला चालत नाही. धूर नसतानाची वेळच जास्त वाईट.

आता थेट नळीतला पंखा. त्यानं धूर बाहेर जातो, हे मान्य. पण तो फक्त धूर ओढत नाही, जळणाच्या पेटीतून हवाही ओढतो. कोळशाला किंवा लाकडाला हवा जास्त मिळाली की आग भडकते, तापमान हाताबाहेर जातं आणि तुम्ही खालची झडप बंद करत बसता. विजेवरच्या स्मोकरमध्ये उलटं होतं: उष्णता निघून जाते, हीटर सारखा चालू राहतो आणि धूर पदार्थाला लागायच्या आत पसार होतो. वरून पंख्याची मोटर तेलकट, काजळीभरल्या प्रवाहात. काही महिन्यांनी तो पंखा खोलून बघा. पात्यांच्या कडांवर तपकिरी, चिकट, डांबरासारखा थर दिसेल, आणि तो थर पेट घेतो.

फट ठेवायची ती यासाठीच. स्मोकरची ओढ, म्हणजे धूर वर खेचण्याचा जोर, स्मोकरची; हूडची ओढ हूडची. स्मोकरचं धुराडं हूडच्या खाली थोडं अंतर सोडून थांबतं. पंखा खोलीतली हवा आणि त्यासोबत वर येणारा धूर दोन्ही उचलतो, पण पेटीतल्या आगीला हात लावत नाही. यासाठी हूड स्मोकरपेक्षा चारही बाजूंनी चांगला वीतभर मोठा हवा. फटीतून धूर गळतो का, हे बघायला पेटती उदबत्ती फटीच्या कडेला धरून सगळीकडे सावकाश फिरवा. धुराची शेपूट आत वळली तर ठीक. एखाद्या कोपऱ्यात ती लटपटून तुमच्याकडे आली, तर हूड लहान आहे किंवा पंखा कमजोर. हूड जागा खातो ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. लहान शेडमध्ये तो डोक्याला लागतोच.

पंखा नळीत बसवायचाच असेल तर बाहेरच्या टोकाला, मोटर प्रवाहाबाहेर राहील असा बसवा. मग शेडमधली सगळी नळी ओढीखाली राहते आणि एखादा सांधा सैल असला तरी हवा आत शिरते, धूर बाहेर गळत नाही. पंखा आतल्या टोकाला असला की प्रत्येक सांधा गळका.

‘नुसत्या उंच नळीनं ओढ येतेच की,’ असंही तुम्ही म्हणता. येते, पण किती? २ मीटर नळी घेऊ. नळीभर ११० अंश सेल्सिअस आणि बाहेर २५ अंश धरले तर ओढ भरते साधारण ५ पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक). थंड धुरी देताना, म्हणजे पदार्थ न शिजवता नुसता धूर देताना, आत ३० अंश असले, तर तीच नळी अर्धा पास्कलही देत नाही. बंद खोलीत भिंतीवरचा एक साधा एक्झॉस्ट फॅन याहून जास्त उलटा दाब सहज तयार करतो आणि धुराड्यातला धूर खाली आत खेचतो. म्हणून हवा बाहेर काढण्याइतकीच आत येण्याची वाट मोठी हवी, आणि ती पंख्यापासून लांब, शक्यतो खालच्या बाजूला. उघडं दार ही वाट होऊ शकते, पण वारा दाराकडून उलटा फिरला की हिशेब बदलतो.

शेडमध्ये हूड-पंख्याची ही मांडणी फक्त विजेवरच्या स्मोकरसाठी, ज्यात थोडा भुसा किंवा लाकडाचे तुकडे धुमसतात. कोळशावरचा स्मोकर बंदिस्त जागेत पेटवूच नये, या मतावर मी ठाम आहे. पंखा वीज गेल्यावर थांबतो, निखारे थांबत नाहीत. गॅरेज घराला जोडलेलं असेल तर मोनॉक्साइड घरात शिरायला मधल्या दाराच्या फटी पुरेशा असतात. आणि धुराची पेटी बाहेर ठेवून नळीनं धूर आतल्या कपाटात आणला तरी मोनॉक्साइड त्या धुरासोबतच येतो, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

अलार्म लावलाय म्हणता, उत्तम. तो धुराचा नसून मोनॉक्साइडचा आहे ना, तेवढं बघा. मात्र युरोपीय मानकाप्रमाणे बनवलेला घरगुती अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) ६० ते ९० मिनिटांनी वाजतो आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत. तो गप्प आहे म्हणजे आकडा शून्य आहे, असं नव्हे. आकडा दाखवणारं यंत्र घ्या आणि निखारे विझत आले असताना वाचा.

तुमचे दोन प्रश्न राहिले: नळी कशाची घ्यावी आणि ती कशी बसवावी. पीव्हीसी पाइप नको. साधारण ८० अंशांनाच तो मऊ पडायला लागतो. घडीची ॲल्युमिनियम नळीही नको, तिच्या वळ्यांत चिकटा साठतो आणि साफ होत नाही. आतून गुळगुळीत, स्टीलची नळी घ्या, कोपरे कमीत कमी ठेवा, आणि लाकडी भिंतीतून नेताना आजूबाजूला भरपूर मोकळी जागा सोडून पत्र्याची चौकट बसवा. नळी सरळ पदार्थाच्या डोक्यावर उभी करू नका. बाहेरच्या थंड भागात धूर गार होऊन थेंब तयार होतात आणि ते कडू थेंब उलटे आत ठिबकतात. आडवा तुकडा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवलात की तो निचरा बाहेर जातो. टोपी लावा, पण तिच्याखाली बारीक जाळी नको. ती काजळीनं पार बुजते.