क्लॅमथची धरणं पाडली, पण पाणी कुणाचं तुटलं?

सध्या एक मजकूर गटागटांतून फिरतोय. सार असं: "अमेरिकेनं मूठभर आदिवासींच्या हट्टापायी क्लॅमथ नदीवरची चार चांगली धरणं फोडली. शेतकऱ्यांचं पाणी गेलं, सत्तर हजार घरांची वीज गेली, आणि जिच्यासाठी हे केलं ती नदी गाळानं मेली." खाली चिखलातल्या मेलेल्या माशांचा फोटो, आणि जाता जाता आपल्याकडच्या धरणविरोधकांना एक टोमणा.

आधी शेतकऱ्यांचं पाणी. कॉप्को १, कॉप्को २, जे. सी. बॉयल आणि आयर्न गेट या चारांपैकी एकाही धरणातून शेतीला पाणी मिळत नव्हतं. प्यायलाही नाही. १९१८ ते १९६२ या काळात सुरू झालेली ही धरणं विजेसाठी होती. धरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जायकवाडी येतं, घोटाळा तिथेच होतो. त्याऐवजी मुळशी आठवा.

तिथल्या शेतकऱ्यांना पाणी मिळतं ते बरंच वर, ओरेगन राज्यातल्या अप्पर क्लॅमथ सरोवरातून. त्या भागातली लिंक रिव्हर आणि केनो ही धरणं आजही जागेवर आहेत. पाण्याचं भांडण मात्र खरंच आहे आणि जुनं आहे. २००१ च्या दुष्काळात संकटग्रस्त माशांसाठी पाणी राखून ठेवलं आणि शेतीचे कालवे बंद केले. शेतकरी रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी कालव्यांना पाणी सुटलं, नदी खालावली, पाणी तापलं, आणि सप्टेंबर २००२ मध्ये खालच्या पात्रात कल्ल्यांच्या रोगानं सॅमन मेले. सरकारी अंदाजानंच तीस हजारांहून जास्त, सगळे अंडी घालायला समुद्रातून वर निघालेले. (आपल्याकडे रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण तो मासा वेगळा.) नदीकाठच्या युरोक आदिवासींच्या दारातली नदी मढ्यांनी भरली. धरणं हटवण्याच्या मोहिमेला खरी धार तेव्हा आली. शेतकऱ्यांची ओढाताण आजही संपलेली नाही, पण ती या चार धरणांच्या पाडण्यातून आलेली नाही. मजकुरानं दोन प्रकरणांची खिचडी केली आहे.

सत्तर हजार घरांचा आकडा हवेतून आलेला नाही. चारही धरणं पूर्ण क्षमतेनं चालली तर तेवढी वीज, एवढाच त्याचा अर्थ. मालक कंपनी पॅसिफिकॉर्पच्या एकूण विजेत या धरणांचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी होता.

आता 'मूठभरांचा हट्ट'. युरोक ही कॅलिफोर्नियातली सर्वांत मोठी आदिवासी जमात. त्यांच्या जोडीला कारूक, हूपा आणि ओरेगनच्या क्लॅमथ जमाती. या लोकांनी काय केलं बघा. कंपनीची मालकी स्कॉटलंडच्या एका कंपनीकडे होती तेव्हा ते भागधारकांच्या सभेसाठी थेट एडिंबराला गेले. ती वॉरन बफे यांच्या समूहाकडे गेल्यावर यांनी ओमाहा शहरातली त्या समूहाची सभा गाठली. धरणांचा परवाना २००६ मध्ये संपला. नवा हवा असेल तर माशांना वर चढायच्या वाटा बांधा, असं केंद्रीय यंत्रणांनी बजावलं. आयर्न गेट पन्नास मीटरहून उंच, आणि वाट एकही नाही. हिशेब मांडल्यावर दुरुस्तीपेक्षा पाडणं ग्राहकांना स्वस्त पडत होतं. २०१० चा करार अमेरिकी संसदेत अडकला, २०१६ मध्ये नवा झाला, आणि केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाची शेवटची मंजुरी आली ती नोव्हेंबर २०२२ मध्ये. सुमारे ४५ कोटी डॉलरच्या खर्चातले २० कोटी वीजग्राहकांकडून, २५ कोटी कॅलिफोर्नियानं पाण्याच्या कामांसाठी काढलेल्या सरकारी रोख्यांतून. वीस वर्षं कागद, सभा आणि ताळेबंद यांच्याशी झुंजणाऱ्यांना हट्टी म्हणायचं तर म्हणा, मला ही चिकाटी वाटते.

गाळ आणि मेलेले मासे हे खोटं नाही. जानेवारी २०२४ मध्ये जलाशय रिकामे केले तेव्हा नदी कॉफीसारखी झाली होती. हिवाळा मुद्दाम निवडला होता, कारण तेव्हा मुख्य प्रवाहात सॅमन कमी असतात. जलाशयांत मेले ते मुख्यतः बाहेरून आणून सोडलेले मासे. एक चूक मात्र खरोखर झाली: मत्स्यबीज केंद्रातली सुमारे ८ लाख ३० हजार पिल्लं वरच्या बाजूला सोडली, आणि आयर्न गेटच्या बोगद्यातून जाताना दाब एकदम बदलल्यानं होणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांच्या विकारानं ती मेली. त्यांना गाळानं मारलं नाही. उलट बोगदा धरणाचाच.

आणि नदी मेली? २८ ऑगस्ट २०२४ ला शेवटचे बांध फुटले. १६ ऑक्टोबरला समुद्रापासून सुमारे ३७० किलोमीटर आत, ओरेगनमधल्या स्पेन्सर ओढ्याच्या परिसरात चिनूक जातीचा सॅमन दिसला. तिथे १९१२ नंतर पहिल्यांदाच. एवढ्यानं नदी बरी झाली असं मी म्हणणार नाही. वरच्या भागातलं पाणी अजून खराबच आहे.

ज्यांचं खरंच काही गेलं ते कॉप्को धरणाच्या तळ्याकाठी घरं बांधलेले लोक. त्यांच्या अंगणापुढचं तळं नाहीसं झालं. मजकुरात त्यांचा उल्लेखही नाही. त्या तळ्याच्याही आधी तिथे शास्ता आदिवासींची वस्ती होती, आणि जून २०२४ मध्ये कॅलिफोर्नियानं त्यांना सुमारे २८०० एकर जमीन परत द्यायचं जाहीर केलं. त्यातली काही नुकतीच पाण्याखालून वर आली होती.