‘सरकारमान्य डिटेक्टिव्ह’ कुठल्या सरकारने मान्य केला?

लग्नसराई जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच: स्थळाची खात्री करायची असेल किंवा जोडीदारावर संशय असेल तर परवानाधारक, सरकारमान्य डिटेक्टिव्ह एजन्सीच नेमा. 2007च्या कायद्याने त्यांना मान्यता आहे. कॉल रेकॉर्ड आणि मोबाइलचं लोकेशन काढायचा त्यांना अधिकार असतो. त्यांचा रिपोर्ट कोर्टात पुरावा म्हणून चालतो. आणि काही झालंच तर जबाबदारी त्यांची, तुमची नाही. पोरीच्या काळजीने आईवडील हे वाचतात आणि पैसे मोजतात, म्हणून एकेक दावा उलगडून बघायला हवा.

आधी 2007चा कायदा. तो झालाच नाही. खासगी डिटेक्टिव्ह एजन्सींच्या नियमनाचं विधेयक ऑगस्ट 2007मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. केंद्रात आणि राज्याराज्यांत नियामक मंडळं नेमायची, एजन्सींना परवाने द्यायचे, असा बेत होता. ते गृह खात्याच्या संसदीय समितीकडे गेलं, समितीने अहवाल दिला, पुढे ते वर्षानुवर्षं पडून राहिलं आणि 2020मध्ये सरकारने मागे घेतलं. म्हणजे डिटेक्टिव्हला परवाना देणारं कार्यालय ना दिल्लीत आहे ना मंत्रालयात. जे खातंच नाही त्याची मान्यता कुणी दिली, हे त्या मजकुरात कुठेच नसतं.

पण ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम लावलेली असते त्याचं काय? ती फ्रेम जवळ जाऊन वाचा. बहुतेक वेळा तो गुमास्ता निघतो, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालचा कागद. तो किराणा दुकानालाही असतो आणि ब्यूटी पार्लरलाही. महाराष्ट्रात 2017च्या कायद्यानंतर तर छोट्या आस्थापनेला नोंदणीचं बंधनही उरलेलं नाही. ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. शेजारी जीएसटी क्रमांक, उद्यमचा दाखला आणि एखादं आयएसओचं प्रमाणपत्र. यातल्या एकाही कागदाचा तपासाच्या कामाशी संबंध नाही. कधीकधी मात्र तिथे खरोखरचा परवाना टांगलेला असतो, आणि तिथेच माणूस फसतो. हा असतो ‘पसारा’चा, म्हणजे 2005च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याचा. तो सिक्युरिटी गार्ड पुरवण्यासाठी आहे. सोसायटीच्या गेटवर वॉचमन उभा करायला तो लागतो. नवरा संध्याकाळी कुठे जातो हे बघायला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि व्हिजिटिंग कार्डावर तीन सिंहांची राजमुद्रा छापलेली दिसली, तर तिचा गैरवापर रोखणारा स्वतंत्र कायदा आहे, तोही 2005चाच. असं कार्ड देणाऱ्याकडून बाहेर पडायला एवढं कारण पुरे.

‘अमेरिकेत असतो ना परवाना’ असं न्यू जर्सीतल्या एडिसनमधला कुणी नातेवाईक सांगेल. बरोबर आहे. न्यू जर्सीत 1939चा कायदा आहे, परवाना स्टेट पोलिस देतात आणि त्यासाठी तपासकामाचा किंवा पोलिसातला 5 वर्षांचा अनुभव लागतो. पण तिथेही परवाना म्हणजे दुसऱ्याचा फोन उघडण्याची मुभा नव्हे. 2006मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या संचालक मंडळातली बातमी कोण फोडतंय हे शोधायला नेमलेल्या लोकांनी संचालकांची आणि पत्रकारांची नावं सांगून त्यांचे फोन रेकॉर्ड मिळवले. अध्यक्षांना पद सोडावं लागलं, प्रकरण अमेरिकी संसदेपर्यंत गेलं आणि असे रेकॉर्ड थापा मारून काढणं हा केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा त्याच वर्षी मार्गी लागला. तेव्हा उद्या आपल्याकडे परवाना आला तरी कॉल रेकॉर्डचा दुसरा दावा खोटाच राहणार.

त्या दुसऱ्या दाव्याचं इथलं चित्र असं. सीडीआर, म्हणजे कुणी कुणाला कधी, कुठल्या टॉवरखालून, किती वेळ फोन केला याची यादी, टेलिकॉम कंपनी तपास यंत्रणेला देते, किंवा कोर्टाने सांगितलं तर देते. पोलिसांतही ती मागायची तर वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत. खासगी माणसाला दुसऱ्याची यादी कंपनीकडून थेट, कायदेशीर मार्गाने मिळण्याची वाटच नाही. मग ‘आम्ही काढून देतो’ म्हणणारा कुठून काढतो? 2013मध्ये अरुण जेटली यांचे कॉल रेकॉर्ड काढल्याच्या प्रकरणात दिल्ली पोलिसांनी खासगी डिटेक्टिव्हांबरोबर एका पोलिस शिपायालाही अटक केली होती. 2018मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विक्रीचं रॅकेट उघड केलं, त्यातही खासगी डिटेक्टिव्हांना अटक झाली. दूरसंचार कायदा 2023 आल्यावर टेलिकॉम कंपनीच्या डेटात अनधिकृत शिरकाव केल्यास 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. फोनमध्ये गुपचूप अ‍ॅप टाकून मेसेज वाचणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा गुन्हा आहे. शिवाय एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट किंवा ईमेल वापरावर नजर ठेवणाऱ्या पुरुषाला भारतीय न्याय संहितेचं कलम 78 लागू शकतं. त्या कलमात गुन्ह्याच्या तपासासाठी सूट आहे, पण ज्याला राज्याने ती जबाबदारी सोपवली आहे त्यालाच. तुमच्या डिटेक्टिव्हला ती कुणीही सोपवलेली नसते.

म्हणजे त्याने काही करायचंच नाही का? असंही नाही. स्थळाची चौकशी पूर्वी मामा-काका करायचे. शेजारी, ऑफिस, गावातले लोक यांना विचारणं, सार्वजनिक जागी कोण कुणासोबत दिसतं ते बघणं, ई-कोर्टवर नावाने खटले शोधणं, सातबारा बघणं, कंपनीची कागदपत्रं चाळणं, हे सगळं चालतं. तुम्हीआम्ही जे करू शकतो तेवढंच तो करतो, फक्त सफाईने. चांगला डिटेक्टिव्ह हे कबूल करतो. परवान्याची व्यवस्था हवी, असं मी स्वतः म्हणेन, कारण आज चांगला आणि भामटा यांच्यातला फरक सांगणारं कुणी नाही.

आता कोर्टाचं. इथे मजकुरात अर्धं सत्य आहे. पुरावा आडमार्गाने मिळवला म्हणून तो आपोआप बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, लाच प्रकरणात, मलकानी खटल्यात, अर्ध्या शतकापूर्वीच सांगितलं. 14 जुलै 2025च्या निकालात पती-पत्नीमधलं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषणही घटस्फोटाच्या दाव्यात ग्राह्य धरता येतं असं ठरलं. पण ते रेकॉर्डिंग नवऱ्याने स्वतःच्या संभाषणाचं केलं होतं. तिसऱ्याने चोरलेल्या सीडीआरला त्यातून पावित्र्य येत नाही. कोर्टाने पुरावा ग्राह्य धरला म्हणून तो मिळवतानाचा गुन्हाही पुसला जात नाही. राहिला तो स्पायरल बाइंडिंग केलेला रिपोर्ट. फॅमिली कोर्टाला पुराव्याच्या नियमांत सैलपणा आहे, तरी समोरचा वकील विचारणारच: हे पाहिलं कुणी? त्या माणसाला साक्षीला यावं लागतं, उलटतपासणी झेलावी लागते. ‘नाव गुप्त राहील’ म्हणणारी एजन्सी त्या दिवशी फोन उचलत नाही. फोटो-व्हिडिओ असेल तर प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या 2014च्या निवडणुकीवरून खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये हे स्पष्ट केलं: मूळ उपकरण हजर करत नसाल तर इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. नव्या साक्ष अधिनियमात ते कलम 63मध्ये आहे आणि त्यात तज्ज्ञाची सहीही लागते. पेन ड्राइव्ह हातात देऊन ‘कोर्टात दाखवा’ म्हणणाऱ्याला आधी एवढं विचारा.

आणि जबाबदारी? गुन्हा करायला पैसे देणारा हा अपप्रेरणेचा, म्हणजे गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत केल्याचा, आरोपी होऊ शकतो. एजन्सीच्या फॉर्मवर ‘सर्व जबाबदारी आमची’ लिहिलं तरी पोलिसांवर ते बंधनकारक नाही. त्यात नियामक मंडळ नसल्यामुळे एजन्सीने पैसे बुडवले तर परवाना रद्द करा म्हणून अर्ज करायलाही जागा नाही. उरतो ग्राहक आयोग. तिथे तक्रार लिहिताना ‘कोणत्या सेवेसाठी रक्कम दिली’ या प्रश्नापुढे तुम्हाला ‘बायकोचे कॉल रेकॉर्ड काढण्यासाठी’ असं लिहून खाली सही करावी लागेल.