थॉमस मार्शने दुधासाठी चर्च सोडलं नव्हतं

मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत जोसेफ स्मिथने स्थापन केलेल्या ख्रिस्ती पंथाच्या, घरात वाढलेल्या माणसाकडे थॉमस मार्शचा विषय काढा, दुधाची गोष्ट लगेच निघते. १८३८ च्या सुमाराची, मिसूरीतल्या फार वेस्ट गावची. दोन शेजारणींनी ठरवलं की चीज करायला आळीपाळीने एकमेकींना सगळं दूध द्यायचं. धार काढताना अगदी शेवटी जे दाट, सायीचं दूध येतं तेही त्यात धरलेलं. मार्शच्या बायकोने ते थोडं मागे ठेवलं. तक्रार झाली. वाद बिशपकडे गेला, तिथून वरच्या मंडळाकडे, शेवटी जोसेफ स्मिथपर्यंत पोचला आणि प्रत्येक ठिकाणी निकाल तिच्याविरुद्ध लागला. मार्श हा चर्चच्या बारा प्रेषितांच्या, म्हणजे वरिष्ठ नेत्यांच्या, मंडळाचा पहिला अध्यक्ष. तो चिडला आणि चर्च सोडून गेला. जॉर्ज ए. स्मिथ या प्रेषिताने १८५६ मध्ये ही गोष्ट जाहीर भाषणात सांगितली. १९८४ मध्ये चर्चच्या परिषदेत गॉर्डन हिंकली या नेत्यांनीही तीच सांगितली. रविवारच्या वर्गात मुलांना ती आजही ऐकायला मिळते. क्षुल्लक राग धरला की एवढा मोठा माणूससुद्धा कुठे जाऊन पडतो, हे त्यांना कळावं म्हणून.

आता मार्शने स्वतः काय लिहून दिलं ते बघा. २४ ऑक्टोबर १८३८ रोजी रिचमंड गावात त्याने एका प्रतिज्ञापत्रावर सही केली. आपल्याच लोकांनी डॅनाइट नावाची गुप्त टोळी उभी केली आहे, शेजारच्या काउंटीत लूट आणि जाळपोळ झाली आहे, आणि हे मला मान्य नाही, असा त्याचा आशय होता. ऑर्सन हाइड या दुसऱ्या प्रेषिताने त्याला दुजोरा दिला. मार्शच्या लिहिण्यात ऐकीव गोष्टीही होत्या. तीन दिवसांनी गव्हर्नर बॉग्ज यांनी मॉर्मन लोकांना हाकलून द्या नाहीतर नेस्तनाबूत करा असा हुकूम काढला. पुढे त्या लोकांचे जे हाल झाले ते वाचवत नाहीत. म्हणून मार्शवरचा राग मला समजतो. ज्यांची घरं गेली, माणसं गेली, त्यांनी त्याला विश्वासघातकी म्हणावं यात नवल नाही. १८५७ मध्ये तो थकून परत आला, पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या मनात मत्सर होता अशी कबुलीही त्याने दिली.

पण त्याचा आक्षेप हिंसेवर होता. आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या लक्षात राहिलं ते दूध.

मी युटात राहते. आमचे शेजारी मॉर्मन, ऑफिसातले निम्मे सहकारी मॉर्मन, मुलांच्या वर्गातली बहुतेक मुलं मॉर्मन. इथे एखादा मानाचा माणूस चर्चमधून बाहेर पडला की लोक काय बोलतात ते मी वर्षानुवर्षं ऐकते आहे आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. त्याला काय सापडलं हे कुणी विचारत नाही. त्याला काय झालं, हे विचारतात. कुणीतरी दुखावलं असेल. काहीतरी पाप लपवायचं असेल. धर्मग्रंथ वाचणं सोडलं असेल. आणि तो त्यानंतर एक शब्द जरी बोलला तरी ठरलेलं वाक्य येतं: ही माणसं चर्च सोडतात, पण चर्चचा पिच्छा सोडत नाहीत.

बाहेरच्या माणसाला यातली तीव्रता कळायला वॉर्ड म्हणजे काय ते कळायला हवं. मॉर्मन माणूस आपलं चर्च निवडत नाही. तुमचं घर ज्या हद्दीत, तो तुमचा वॉर्ड. म्हणजे रविवारी शेजारच्या बाकावर बसणारे तेच सोमवारी शेजारच्या अंगणात दिसतात. बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो. आठवडाभर दातांचा दवाखाना किंवा हिशेबाची कामं सांभाळायची आणि उरलेला सगळा वेळ वॉर्डाला द्यायचा, असं साधारण पाच वर्षं. घरोघरची भांडणं, बुडालेले धंदे, तरुण पोरांचे कबुलीजबाब, सगळं त्याच्या कानावर. कुणाच्या आजारपणात डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद तो देतो, मिशनला, म्हणजे धर्मप्रचाराला, निघालेल्या मुलांना धीर तो देतो. चर्चला द्यायच्या दशांशाचा, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्श्याचा, वार्षिक हिशेब त्याच्यासमोर बसून सांगायचा. टेंपलमध्ये, म्हणजे लग्नासारखे पवित्र विधी होतात त्या मंदिरात, जायचं परवानापत्र मिळवायला त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. स्टेक प्रेसिडेंट त्याच्याही वरचा, अशा अनेक वॉर्डांचा.

असा माणूस एक दिवस म्हणतो, मला आता हे खरं वाटत नाही. तेव्हा वॉर्डातल्या बाईच्या मनात येतं, माझ्या लेकराच्या डोक्यावर ठेवलेल्या त्याच्या हाताचं काय? तो आशीर्वाद खोटा होता का? या दुःखाला मी नावं ठेवणार नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करून सगळे जमतात, एकेक जण उठून सांगतो, हे चर्च खरं आहे हे मला ठाऊक आहे. तीन-चार वर्षांची पोरंसुद्धा आईने कानात सांगितलेलं तेच वाक्य माइकवर म्हणतात. ‘मला वाटतं’ असं नाही म्हणत, ‘मला ठाऊक आहे’ असं म्हणतात. ज्याने सगळ्यांत ठामपणे ते म्हटलं, त्याने मागे घेतलं तर मागे बसलेल्यांच्या पायाखालची जमीन हलणारच. दुधाची गोष्ट तेव्हा उपयोगी पडते. कारण क्षुल्लक ठरलं की आपल्याला काही तपासावं लागत नाही.

स्वीडनच्या हान्स मॅटसन यांचं उदाहरण मला सारखं आठवतं. घराणं पिढीजात मॉर्मन, हे स्वतः युरोपातले एरिया ऑथॉरिटी, म्हणजे बऱ्याच वरच्या हुद्द्याचे. सभासद त्यांच्याकडे इंटरनेटवर वाचलेले प्रश्न घेऊन येऊ लागले. सुरुवातीला त्यांनी तो विरोधकांचा अपप्रचार म्हणून झटकून टाकला. मग वरिष्ठांकडे उत्तरं मागितली. एका प्रेषिताने सांगितलं की शंकेखोरांना खोटं पाडणारं हस्तलिखित माझ्या बॅगेत आहे. ते कधी आलंच नाही, आणि मॅटसन यांनी पुन्हा विचारलं तेव्हा असं विचारणं उद्धटपणाचं आहे, असं त्यांना ऐकवण्यात आलं. मग त्यांनी स्वतः वाचायला घेतलं. जोसेफ स्मिथची अनेक लग्नं, ग्रंथांतल्या इतिहासाच्या विसंगती. स्टेक प्रेसिडेंटने बजावलं, हे कुणाशी बोलायचं नाही, बायको-मुलांशीही नाही.

बायको-मुलांशीही नाही! जो धर्म कुटुंब अनंतकाळ एकत्र राहणार म्हणून सांगतो, त्याच्याच एका अधिकाऱ्याने हे सांगावं?

२०१० च्या अखेरीस सॉल्ट लेक सिटीहून चर्चचे इतिहासकार मार्लिन जेन्सन आणि रिचर्ड टर्ली स्वीडनला गेले, अशा शंका असलेल्या पंचवीसेक सभासदांशी बोलले. गेले ही चांगली गोष्ट होती, हे मी आवर्जून सांगते. पण समाधान झालं नाही. जुलै २०१३ मध्ये मॅटसन न्यूयॉर्क टाइम्सशी उघडपणे बोलले. पायाखाली भूकंप झाल्यासारखं वाटलं, असं त्यांनी सांगितलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, चर्चने स्वतःच्या संकेतस्थळावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात काळजीपूर्वक केलेल्या अंदाजांनुसार जोसेफ स्मिथच्या बायकांची संख्या ३० ते ४० असल्याचं म्हटलं, आणि त्यातली एक मुलगी पंधरावं लागायला काही महिने बाकी असताना त्याच्याशी जोडली गेली हेही मान्य केलं. म्हणजे मॅटसन ज्याबद्दल विचारत होते त्यातलं निदान हे तरी खरं होतं. त्यावरून धर्म सोडावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. कितीतरी लोकांनी तो निबंध वाचूनही श्रद्धा सोडलेली नाही, त्यांच्यात माझे जिवलग आहेत. पण ‘हा माणूस दुखावला गेला असेल’ हे उत्तर मॅटसन यांच्या प्रश्नाला लागू पडत नाही.

आणि हे चर्चमधल्या मोठ्या माणसाने बोलून दाखवलं आहे. ऑक्टोबर २०१३ च्या परिषदेत डीटर उख्तडॉर्फ म्हणाले की सोडून गेलेले लोक दुखावले गेले असतील, आळशी असतील किंवा पापी असतील असं आपण कधीकधी धरून चालतो, पण ते इतकं सोपं नसतं. त्याच भाषणात त्यांनी श्रद्धेवर शंका घेण्याआधी आपल्या शंकांवर शंका घ्या असंही सांगितलं. लोकांनी हे दुसरं वाक्य उचललं. फ्रेममध्ये लावलं. पहिलं मी आमच्या भागात कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते ऑलिव्हर काउडरीबद्दल. बुक ऑफ मॉर्मन या त्यांच्या धर्मग्रंथाच्या प्रत्येक प्रतीत सुरुवातीला तीन साक्षीदारांचं निवेदन छापलेलं असतं: ज्यांवरून हा ग्रंथ आला ते सोन्याचे पत्रे आम्हाला देवदूताने दाखवले. काउडरी, डेव्हिड व्हिटमर, मार्टिन हॅरिस. एप्रिल १८३८ संपेपर्यंत तिघेही चर्चच्या बाहेर होते. काउडरीवरच्या आरोपांत एक आरोप असा होता की त्याने जोसेफ स्मिथवर व्यभिचाराचा ठपका ठेवून त्याची बदनामी केली. फॅनी अल्जर या तरुणीचं ते प्रकरण. काउडरीने भावाला लिहिलेल्या पत्रात त्या प्रकरणाला घाणेरडं म्हटलं होतं. काउडरीला बहिष्कृत केलं. जूनमध्ये स्मिथचा सहकारी सिडनी रिग्डन याने, चव गेलेलं मीठ बाहेर फेकून देतात, या बायबलमधल्या दाखल्यावर प्रवचन दिलं, आणि ८० हून अधिक जणांच्या सह्यांचं पत्र काउडरी, व्हिटमर आणि आणखी काही जणांना गेलं, गाव सोडा म्हणून. त्यांनी सोडलं.

२०१४ च्या त्याच निबंधात चर्चने सांगितलं की त्रोटक पुराव्यांवरून १८३० च्या दशकाच्या मध्यात स्मिथने फॅनी अल्जरशी लग्न केलं असावं असं दिसतं. चर्च त्याला लग्न म्हणतं, काउडरी व्यभिचार म्हणत होता, हा फरक मोठा आहे आणि मी तो पुसत नाही. पण काउडरीने ते हवेतून काढलं नव्हतं. काउडरी १८४८ मध्ये परत आला, हॅरिस १८७० मध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी युटाला आला, व्हिटमर मरेपर्यंत बाहेरच राहिला. तिघांपैकी कुणी ती साक्ष मागे घेतली नाही आणि चर्च हे अभिमानाने सांगतं: बघा, भांडून गेले तरी खोटं बोलले नाहीत. मग माझं एवढंच म्हणणं आहे की बाहेर पडलेल्या माणसाची देवदूताबद्दलची साक्ष जर प्रामाणिक धरता येते, तर आपण का बाहेर पडलो याबद्दलची त्याची साक्षही त्याच प्रामाणिकपणाने ऐकायला हवी. ती चुकीची ठरू शकते. पण आधी ऐका तर.

बाहेर पडलेल्यांचा गोतावळाही काही कमी निर्दय नसतो. नव्याने आलेल्या माजी बिशपचं तिथे आधी जोरदार स्वागत होतं, मग उलटतपासणी सुरू होते. इतकी वर्षं काय करत होतास? माझ्याकडून दशांश घेतलास, माझ्या मुलीला बंद खोलीत नको ते प्रश्न विचारलेस, आता शहाणा झालास? यातले काही प्रश्न रास्त आहेत. पोरांच्या त्या एकांतातल्या मुलाखतींविरुद्ध सॅम यंग हे माजी बिशप उघडपणे उभे राहिले, म्हणून २०१८ मध्ये त्यांना काढून टाकलं. ज्याने हुद्दा भोगला त्याच्यावर हिशेब देण्याची जबाबदारी आहेच. पण ज्याचं अजून जेमतेम श्वास घेणं चालू आहे त्याच्याकडून लगेच मुलाखत, पुस्तक, जाहीर माफी मागणं हेही त्याला माणूस न समजण्यासारखंच आहे.

माझ्या ओळखीतल्या एका माजी बिशपची गोष्ट, नाव-गाव न सांगता. ते बाहेर पडले, बायको आत राहिली. मुलाचं लग्न टेंपलमध्ये होतं. परवानापत्र नसलेल्याला आत जाता येत नाही, मग तो नवऱ्या मुलाचा बाप का असेना. आई आत, बाप बाहेर. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची परवानापत्रं सही करून दिली तो माणूस बाहेर बसला. २०१९ पासून चर्चने अमेरिकेत आधी सर्वांसमोर साधं लग्न आणि मग वर्षभर न थांबता टेंपल विधी अशी मुभा दिली आहे, ही खरोखर मोठी सुधारणा आहे. पण या कुटुंबात मुलाने ती घेतली नाही, कारण लोक काय म्हणतील. वॉर्डातले लोक त्या बाईंना भेटले की सांत्वन करत, जणू नवरा गेला. आणि त्यांच्या देखत कुणी त्यांच्या नवऱ्याचं नाव घेत नसे. ‘मला त्यांची कीव नको, त्यांनी याला फोन करावा,’ असं त्या मला म्हणाल्या होत्या.

आता थोडं आपल्या मराठी मंडळींसाठी, विशेषतः लीहाय, सँडीकडे राहणाऱ्यांसाठी. असा कुणी सहकारी बाहेर पडला की आपल्याकडचे लोक पाठीवर थाप मारून म्हणतात, बरं झालं सुटलास, चल आता कॉफी पाजतो, बिअर पाजतो, कारण मॉर्मन धर्मात चहा, कॉफी, दारू वर्ज्य. कृपा करून असं करू नका. त्याच्या आयुष्यातली चाळीस वर्षं हा काही वेडेपणा नव्हता. त्याची दोन वर्षं मिशनमध्ये गेली, त्याचे आईवडील त्याच विश्वासात वारले, आणि रात्री ज्या घरी तो परततो तिथे बायको अजून प्रार्थना करते. त्याला जेवायला बोलवायचं तर दोघांना बोलवा. शनिवारी बोलवा, रविवारी नको, ती रविवार पाळते. चहा तिच्यासमोर आग्रहाने सरकवू नका. आणि तो बोलू लागला तर त्याला काय झालं असेल याचे अंदाज न बांधता, काय वाचलंस, कुठे अडलास, एवढं विचारा.