केनेडींच्या मुलांच्या कबरींवर खर्च किती? एक खुलासा

‘अमेरिकेचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या दोन मुलांना आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांच्याशेजारी पुन्हा पुरायला अमेरिकी सरकारने १७ लाख ७० हजार डॉलर उधळले,’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

मुलांना डिसेंबर १९६३ मध्येच, वडिलांच्या हत्येनंतर दोन आठवड्यांच्या आत, तिथे आणलं. मुलगा पॅट्रिक दोन दिवसही जगला नव्हता. मुलगी १९५६ मध्ये मृतच जन्मली होती; तिच्या दगडावर नाव नाही, फक्त ‘मुलगी’ आणि तारीख. अशा लेकरांच्या नावावर हा आकडा खपवणं संतापजनक आहे.

१७ लाख ७० हजारांची तरतूद १९६५ च्या अर्थसंकल्पातली, आणि तीही भोवतालच्या परिसरासाठी, लोंढ्याने येणाऱ्या लोकांच्या सोयीकरिता. खुद्द समाधीच्या जागेचा खर्च कुटुंबाने उचलला. त्यांनी दिले ६,३२,३६४ डॉलर.