काळपुळी, बिबा आणि मोबाइलवरचा सल्ला

पोळा झाल्यापासून आमच्याकडच्या मोबाइलांवर एक मजकूर फिरतो आहे: ‘ढोरं हाताळून हातावर आलेली काळी पुळी दुखत नसेल, तर भिण्याचे कारण नाही, ती सुईने फोडून वर बिबा लावावा, गोळ्यांनी खपली पडत नाही, म्हणून त्या घेऊ नयेत.’

पहिले विधान नेमके उलटे आहे. काळपुळी, म्हणजे जनावरांच्या फाशी रोगाच्या जिवाणूंनी माणसाच्या कातडीला होणारा संसर्ग, बहुधा दुखतच नाही. आधी किडा चावल्यासारखी खाज सुटते, मग पाण्याचा फोड येतो आणि तो फुटला की मधोमध खोलगट, कोळशासारखी काळी खपली धरते. भोवतालची सूज मात्र मनगटापासून पार कोपरापर्यंतही चढू शकते. उपचाराविना १०० पैकी २० पर्यंत रुग्ण दगावू शकतात, वेळेवर प्रतिजैविक मिळाल्यास क्वचितच एखादा.

पुळी फोडण्याने फायदा काहीच नाही, उलट संसर्ग पसरण्याची भीती असते. बिब्याचे तर विचारूच नये. बिबा उतला की कातडी भाजून फोड येतात, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. मग मूळची पुळी कोणती आणि बिब्याचा फोड कोणता, हे डॉक्टरांनी ओळखायचे कसे?

गोळ्यांविषयीच्या विधानात अर्धे सत्य आहे, म्हणून ते पटते. खपली औषधाने लगेच पडत नाही, हे खरे. कारण औषध जिवाणू मारते, जिवाणूंच्या विषाने मेलेली कातडी जिवंत करत नाही. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारणतः ७ ते १० दिवस घ्यावे लागते, आणि खपली त्यानंतरही राहू शकते. ताप आला किंवा पुळी मानेवर, चेहऱ्यावर असली, तर रुग्णालयच गाठावे.

पुळी येते कुठून, याबद्दल मात्र त्या मजकुरात अवाक्षर नाही. कोठ्यात अचानक मेलेल्या बैलाच्या नाकातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर त्याला सोलू नये, चिरू तर मुळीच नये. हवा लागली की त्या रक्तातले जिवाणू बीजाणू, म्हणजे टणक कवचातले सुप्त रूप, बनतात आणि मातीत कैक वर्षे टिकतात. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे, आणि ज्याने त्या जनावराला हात लावला असेल, त्याने पुळी दाखवताना मेलेल्या बैलाची गोष्ट डॉक्टरांना आधी सांगावी.