डॉगवूडला कुणाचा शाप नाही

एप्रिलमध्ये व्हर्जिनियात डॉगवूड फुललं, की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक चित्र फिरू लागतं. पांढरं फूल आणि खाली मजकूर: येशूचा क्रूस डॉगवूडच्या लाकडाचा होता. तेव्हा हे झाड ओकएवढं उंच होतं, त्यानंतर ते खुजं आणि वाकडं झालं. चार पाकळ्या म्हणजे क्रूस, टोकांवरचे डाग म्हणजे खिळ्यांच्या खुणा. यंदा गटातल्या एका काकांनी उद्यानातल्या वाळक्या झाडाचा फोटो जोडून भर घातली, ‘शापित झाड, म्हणून तर वाळतं.’

मी त्याच उद्यानात दर शनिवारी स्वयंसेवक म्हणून या झाडांखालचं तण काढते. फुलात क्रूस पाहून ज्यांचे हात जुळतात त्यांच्या श्रद्धेला माझा विरोध नाही. विरोध शापाला आहे.

‘क्रूस डॉगवूडचा होता.’ क्रूस कुठल्या लाकडाचा होता, हे बायबल सांगत नाही. आणि चित्रातलं झाड मूळचं उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं. त्याचे भाऊबंद युरोपात आणि पश्चिम आशियात आहेत, पण हे झाड येशूच्या काळी जेरुसलेमला असण्याचा प्रश्नच नव्हता.

‘शापाने खुजं झालं.’ मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारं हे झाड आहे. पंधरा ते तीस फूट ही त्याची स्वाभाविक उंची. लाकूड मात्र इतकं टणक आणि गुळगुळीत, की कापडगिरण्यांसाठी त्याचे धोटे बनवत.

‘चार पाकळ्या, खिळ्यांचे डाग.’ आपली बोगनवेल आठवा. तिचा रंगीत कागदी भाग फूल नसतो, खरं फूल आत असतं, इवलंसं. डॉगवूडचंही तसंच. पांढरे चार भाग म्हणजे छद, म्हणजे फुलांभोवतीची पाकळ्यांसारखी पानं, आणि ज्याला येशूच्या डोक्यावरचा काट्यांचा मुकुट म्हणतात तो मधला हिरवट-पिवळा झुबका म्हणजे खरी फुलं. हिवाळाभर हेच छद कळीला झाकून बसतात. वसंतात ते पसरतात, पण थंडीवारा सोसलेली टोकं वाढत नाहीत. तिथे खाच पडते, तपकिरी डाग राहतो. कळीची राखण केल्याची ती खूण आहे, आणि मला ती खिळ्यांच्या गोष्टीहून जास्त भिडते.

आता वाळण्याबद्दल. याची मुळं उथळ, त्यामुळे कडक उन्हाळ्यात ते लवकर तहानतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत अँथ्रॅक्नोज हा बुरशीचा रोग दिसू लागला, त्याने जंगलांतली असंख्य डॉगवूड मारली. उद्यानात तिसरा शत्रू गवत कापायचं यंत्र. ते बुंध्याला घासलं की साल सोलते आणि जखमेतून खोडकिडा आत शिरतो. म्हणून आम्ही बुंध्याभोवतीचं गवत हातानेच काढतो, लाकडाच्या भुशाचं आच्छादन घालतो (खोडाला चिकटवून नाही, नाहीतर साल कुजते), रोगट फांद्या छाटून उचलून नेतो आणि पाऊस दडला की पाणी घालतो.

शापित म्हणायचं, तर याच राज्याच्या शार्लट्सव्हिल गावाने १९६६ साली व्हिएतनाम युद्धातल्या आपल्या मृतांच्या स्मारकासाठी हे झाड का निवडलं असतं? मॅकिंटायर पार्कमधलं ते डॉगवूड स्मारक आजही आहे.

काका, तुमच्या फोटोतलं झाड मी ओळखते. पुलाच्या बाजूने गेलात तर बुंध्यावर वीतभर जखम दिसेल, यंत्राची. दोन वर्षं आम्ही त्याला पाणी घालतोय. यंदा पूर्वेकडच्या तीन फांद्या फुलल्यात. तुमचा फोटो दुसऱ्या बाजूचा आहे.